तेरा मीटर रबर

स्वयंपाकघराच्या खिडकीवर नखाने दोनदा टकटक झाली तेव्हा ती गॅसपाशी उभी होती आणि दूध वर यायच्या बेतात होतं. बाहेर नवरा उभा होता. रोज सकाळी सातला तो तिथे यायचा, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला चहाचा कप उचलून घेऊन जायचा आणि पावणेआठला तो विसळून त्याच जागी पालथा घालायचा. या सगळ्यात बोलण्याची गरज पडत नसे आणि टकटक करायची तर पद्धतच नव्हती. दोन वर्षांत एकदाच त्याने काच वाजवली होती, मागचा नळ चालू राहिलाय हे सांगायला. म्हणून आज आवाज आल्याबरोबर ती वळली. तिने हात पुसत खिडकी सरकवली. "छत गळतंय," तो म्हणाला. "चारही बाजूंचं रबर गेलंय. काल उशी भिजली. तुझ्या कारखान्यात मिळेल ना तसलं?" ती म्हणाली, "बघते." त्याने कप उचलला आणि तो गेला. मागे दूध उतू गेलं, बर्नर विझला, आणि ती तशीच खिडकीला धरून उभी राहिली. तिला आनंद झाला होता. नवऱ्याची उशी भिजली म्हणून बायकोला आनंद व्हावा हे काही बरं लक्षण नाही, हे तिलाही कळत होतं. पण आनंदाला लाज नसते. उशी भिजलेला माणूस किती दिवस बाहेर राहील, असा हिशेब तिच्या मनाने दूध पुसायच्या आधीच करून टाकला होता.

घरामागच्या फरशीवर जी कॅरॅव्हॅन उभी होती तिला घरात सगळे डबा म्हणत. मोटारीमागे जोडून न्यायची ती दोन चाकांची गाडी, आणि तिचं छत खरोखरच डब्याच्या झाकणासारखं होतं. आतून दोन्ही हातांनी वर रेटलं की मधल्या कापडी भिंती ताणल्या जायच्या आणि माणसाला ताठ उभं राहता यायचं. खाली ओढून कड्या लावल्या की आत बसूनच वावरावं लागे. पाऊस असला की छत खाली घ्यायचं, आणि मग सगळी भिस्त त्या छताच्या कडेने फिरवलेल्या रबरावर. तो निवृत्त झाला त्या वर्षी त्यांनी एका दंतवैद्याकडून ती जुनी विकत घेतली होती. आता आपण हिंडायचं, असं तो म्हणाला होता. पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून त्याने दुसऱ्यांच्या जमिनी चालून काढल्या होत्या, आता स्वतःच्या मर्जीने चालायचं. ते तीनदा गेले. चौथ्यांदा जायच्या आधी घराला रंग द्यायचा निघाला. रंग तिनेच पसंत केला होता, फिकट पिवळा, आणि तो 'छान आहे' म्हणाला होता. रंगाच्या वासाने त्याचं डोकं चढलं म्हणून तो चार रात्री डब्यात झोपायला गेला. पाचव्या दिवशी तिने विचारलं, येताय ना? तो म्हणाला, अजून वास येतोय. पंधरवड्याने विचारलं तर म्हणाला, अजून थोडा येतो. त्यानंतर ती कामावरून आल्यावर भिंतींना नाक लावून फिरू लागली. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, कपाटामागे, दाराच्या चौकटीशी, जिथे रंगाचे ओघळ जाड राहिले होते तिथे तर डोळे मिटून. दोन महिन्यांनी तिला कसलाच वास येईना, आणि तेव्हापासून तिने विचारणं सोडून दिलं, कारण आता विचारलं असतं तर त्याला दुसरं उत्तर द्यावं लागलं असतं. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, ती धरलीच. भांडण झालं असतं तर चार माणसांत सांगता तरी आलं असतं. शेजारीण विचारायची, "हे हल्ली बाहेरच झोपतात का हो?" आणि ती हसून सांगायची, "लोक नवऱ्याला डबा देतात, मी नवरा डब्यात ठेवलाय." शेजारीण पोट धरून हसायची. या विनोदावर तिने दोन वर्षं काढली होती.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर पालथ्या कपाखाली एक चिठ्ठी होती. मोजणीदाराचं ते टोकदार, सरळ अक्षर: तेरा मीटर बेचाळीस, कोपरे धरून. खाली रेघ मारलेली. तीनदा मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही हा त्याचा नोकरीतला नेम होता. त्याने छताभोवती फीत धरून तीन फेऱ्या मारल्या असणार, आणि त्या वेळी ती दहा पावलांवर घरात होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. चिठ्ठी तिने पर्समध्ये ठेवली. कारखान्यात दिवसभर ती तपासणीच्या टेबलावर बसली. फ्रिजच्या दारांची, शीतगृहांच्या दारांची रबरं तिथे यायची, आणि ती प्रत्येक पट्टी अंगठ्याने दाबून, तीनपर्यंत मोजून सोडायची. वर उठलं ते चांगलं. दबलेलं राहिलं ते बसलं, टोपलीत टाका. सव्वीस वर्षांत तिचा अंगठा चुकला नव्हता, म्हणून सगळे तिला अंगठेबाई म्हणत. नव्या माणसाला आधी वाटे की बाईंना सही येत नाही. ती कामाला लागली तेव्हाचा फोरमन रोज सकाळी एकच गोष्ट बजावायचा. रबर ओढून बसवायचं नाही, आत सारत बसवायचं. ओढलेलं रबर त्या दिवशी तुमचं ऐकतं, पंधरा दिवसांनी स्वतःचं ऐकतं. नवख्या मुली हमखास ओढायच्या, कारण ओढलं की काम सुबक दिसतं, कुठे सुरकुती राहत नाही, शाबासकी मिळते. आणि मग पंधरा-वीस दिवसांत ते रबर आखडून मूळ लांबीवर यायचं, सांधा उघडा पडायचा, आणि कुणाच्या तरी घरात फ्रिजच्या दारातून थंडी बाहेर पडत राहायची. तिच्या हाताखाली अशा तीस-चाळीस मुली शिकून गेल्या होत्या आणि तिने प्रत्येकीच्या हातावर पट्टी मारून ही खोड मोडली होती.

सुट्टीच्या भोंग्याआधी ती स्टोअरमध्ये गेली. स्टोअरकीपरने पोकळ कडेचं काळं रबर रिळावरून ओढायला घेतलं. "परीघ किती आहे, बाई?" ती म्हणाली, "तेराच्या आसपास." तो थांबला. "आसपास? अंगठेबाई आसपास म्हणायला लागल्या म्हणजे आम्ही दुकान बंद केलेलं बरं. चौदा देतो. कोपऱ्यांत घालायला लागतं, वर राहिलेलं चांगलं."

"तेराच कापा."

"आणि कमी पडलं तर?"

"नाही पडणार."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पण सव्वीस वर्षांच्या अंगठ्याशी वाद कोण घालणार; त्याने तेरा कापलं आणि वेटोळं करून सुतळीने बांधून दिलं. बसमध्ये ते तिने मांडीवर घेतलं आणि वरून पर्स ठेवली. अजून काहीच झालेलं नव्हतं. उद्या जाऊन आणखी अर्धा मीटर मागितलं असतं तरी कुणी हसलं नसतं. पण तिला पुढचं सगळं दिसत होतं, इतकं स्वच्छ की खिडकीबाहेरचं काही दिसेना. रबर ताणून बसवायचं, सांधा पुढच्या डाव्या कोपऱ्यात घ्यायचा, जिथे त्याची उशी आहे. पंधरा-वीस दिवसांत चार बोटं फट पडेल. मग एका पावसात तो अंथरूण उचलून मागच्या दाराशी येईल, आणि ती काही विचारणार नाही, फक्त बाजूला होईल. कुणी कुणाची माफी मागायची नाही, कुणी कुणाला काही समजवायचं नाही. पावसाने आत आणलं, एवढंच. रंगाने बाहेर काढलं होतं, पावसाने आत आणलं. त्याला अशा बिनबोभाट गोष्टीच झेपतात, हे तिला बत्तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. आणि दुसरी वाट तरी कुठे होती? छत पक्कं करून दिलं तर तो मरेपर्यंत तिथे राहणार होता, आणि ते पक्कं करून देणारी ती स्वतःच असणार होती.

रविवारी ऊन पडलं. त्याने छत वर रेटून टेकू लावले, तिने स्टूल मांडलं, आणि सकाळी नऊला दोघं कामाला लागली. इतका वेळ एकमेकांच्या इतक्या जवळ ती दोघं कित्येक महिन्यांत नव्हती. तिने जुन्या रबराचं टोक खोबणीतून सोडवलं. एकेकाळी लवचिक असलेली ती पट्टी आता चपटी आणि भेगाळलेली होती, ओढली की वीतभर तुटून हातात यायची आणि बोटांना काळी पूड लागायची. खोबणीत जुनी चिकटवायची खळ कडक होऊन बसली होती. ती तिने पात्याने खरवडली, रॉकेलच्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने. तो मागून मागून स्टूल सरकवत होता आणि तुकडे गोळा करून बादलीत टाकत होता. त्याचे केस मानेवर वाढले होते. कोण कापत असेल? पूर्वी मागची हजामत ती घरीच करून द्यायची, त्याच्या मानेभोवती टॉवेल गुंडाळून. आता त्याच्या मानेवर एक तीळ होता तो तिला नवा वाटला, आणि मग आठवलं की तो नवा नाही, तिनेच इतक्या दिवसांत पाहिला नव्हता. तिला एकदम तिसऱ्या सहलीतलं ते तळं आठवलं. दोन दिवस पाऊस लागला होता, छत खाली घेतलेलं, उभं राहायला जागा नाही, दोघं गुडघ्याला गुडघे लावून त्या फळीएवढ्या टेबलाशी बसली होती. त्याने तिला नकाशा वाचायला शिकवला होता. या उंचीच्या रेघा. जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. तिने दर वेळी उलटं सांगितलं होतं आणि ती इतकी हसली होती की हसता हसता डोकं छताला आपटलं. तिच्या आयुष्यातले ते दोन दिवस सगळ्यांत सुखाचे होते, असं ती तेव्हाच स्वतःशी म्हणाली होती, आणि आतापर्यंत तिने धरून चाललं होतं की तेच दोन दिवस त्याच्याही मनात असतील, तेच शोधत तो डब्यात गेला असेल. हा विचार तिला दोन वर्षं पुरला होता. पण तेव्हा तो हसला होता का? आज पात्याने खोबण खरवडताना तिने खूप आठवून पाहिलं. नकाशावरचं त्याचं बोट आठवलं, नख आठवलं. चेहरा आठवेना.

दुपारी खोबण कोरडी ठणठणीत झाली आणि तिने नव्या रबराचं वेटोळं सोडलं. सुरुवात पुढच्या डाव्या कोपऱ्यात केली. शिकलेल्या माणसाने सांधा मागच्या बाजूला, मधोमध घेतला असता, जिथे वारा आणि पाणी कमी लागतं. तिने कोपऱ्यात घेतला. तो रबराची लांबी हातात धरून तिला पुरवत होता आणि ती अंगठ्यांनी खोबणीत दाबत पुढे सरकत होती, आणि दर हातभर अंतराला ती किंचित ओढत होती. किती थोडं ओढावं लागतं. शंभराला तीन. डोळ्याला दिसत नाही, फक्त रबर धरलेल्या दुसऱ्या हाताला कळतं. एकदा तिला वाटलं की त्याच्या हाताने जरा विरोध केला, पट्टी जागच्या जागी धरून ठेवली. तिने मागे वळून पाहिलं तर तो खाली बघत होता, आणि पुढच्याच क्षणी त्याने हात सैल सोडला. चौथा कोपरा वळून ती परत पहिल्याशी आली तेव्हा दोन्ही टोकं बरोबर भिडली, जणू मापून आणलेली. तिने सांध्याला चिकटवायच्या रसायनाचं बोट फिरवलं, चिमटीत धरून ठेवलं. कुठेही सुरकुती नव्हती. इतकं देखणं काम तिने जन्मात केलं नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

त्याने छताभोवती एक चक्कर मारली, कोपऱ्याशी जरा थांबला. "व्यवस्थित दिसतंय," तो म्हणाला. "दमली असशील. चहा ठेव." आणि तिने दोन कप चहा केला, एक कठड्यावर ठेवला, दुसरा आत टेबलाशी बसून प्यायली.

त्यानंतरचे अठरा दिवस ती एखाद्या पाहुण्याची वाट पाहावी तशी जगली. आतल्या खोलीतल्या कपाटाचे दोन खण तिने रिकामे केले. त्याच्या बाजूची गादी उन्हात घातली, नवी चादर अंथरली, मग ती फार नवी दिसते असं वाटून जुनी, धुतलेली अंथरली. हवामानाच्या बातम्या ती हातातलं काम टाकून ऐकायला लागली. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरातून फोन करायची तेव्हा नेहमीसारखं म्हणायची, "बाबांना दे ना," आणि ती म्हणायची, "बाहेर आहेत गं," जे खोटं नव्हतं, पण आता ती पुढे म्हणाली, "येतील आता." मुलगी गेल्या वर्षी तीन दिवस राहायला आली होती तेव्हा तो आत झोपला होता. पलंगाच्या अगदी कडेला, कूस न बदलता. त्या तीन रात्री ती जागीच होती, अंधारात त्याचा श्वास ऐकत. मुलीची टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली आणि त्याने उशी काखेत मारली. तेव्हाही त्याने काही कारण दिलं नव्हतं. पण तीन रात्री येऊ शकतो तो चौथ्या रात्रीही येऊ शकतो, असं ती स्वतःला सांगायची. कामावर एका मुलीला तिने ओढून बसवल्याबद्दल दटावायला तोंड उघडलं, आणि मग ती पट्टी स्वतःच काढून टोपलीत टाकली. ती पोरगी घाबरून पाहत राहिली. रोज संध्याकाळी ती कचरा टाकायच्या निमित्ताने डब्याला वळसा घालून यायची. नवव्या दिवशी सांध्यात केसाएवढी रेघ दिसली. चौदाव्या दिवशी तिथे नख शिरलं. तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मग पाऊस लागला. पहिला दिवस ती मागच्या दाराची कडी काढून बसली. सकाळी सातला तो आला, छत्री धरून कप घेऊन गेला, पावणेआठला कप आला. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याची बाही खांद्यापासून ओली होती. ती खिडकीशी गेली, पण तो छत्री तिरकी धरून वळला होता. पावसाचा जोर वाढत गेला. घराच्या पन्हळीतून पाणी बदाबदा पडत होतं आणि डब्याच्या छतावर त्याचा वेगळा, पत्र्याचा आवाज येत होता. रात्रभर तिला तो आवाज ऐकू आला. तिसऱ्या दिवशी तिने कामावर न येण्याचा निरोप दिला आणि दुपारी एकला, आता एवढं झाल्यावर लाज कसली म्हणून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून ती फरशी ओलांडून गेली आणि तिने डब्याचं दार वाजवलं. स्वतःच्या नवऱ्याचं दार वाजवताना आपण कुठल्या बोटांनी वाजवतोय, हेही तिला जाणवलं.

"ये," तो म्हणाला. "पाय पूस. बस."

आत छत खाली असल्यामुळे वाकून शिरावं लागलं. तिने मनाशी जो चिखल, जी दैना रंगवली होती तसलं काही नव्हतं. गादी गुंडाळून कोरड्या बाजूला उभी केलेली होती. कोपऱ्यातल्या फटीखाली त्याने प्लास्टिकचा तुकडा चार टाचण्यांनी तिरका ठोकला होता, त्याच्या टोकाला सुतळी बांधली होती, आणि पाणी त्या सुतळीवरून न शिंपडता, आवाज न करता खालच्या घमेल्यात उतरत होतं. घमेलं निम्मं भरलेलं. पाणी कुठून कुठे जातं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. बाकीच्या बाकावर त्याने बसायची जागा केली होती, तिथेच तो दोन रात्री बसून झोपला असणार. टेबलावर एक पुस्तक पालथं, चष्मा, पेन्सिल. सगळं कसं जागच्या जागी होतं. तिच्या आतल्या खोलीतल्या त्या रिकाम्या खणांची तिला इतकी शरम वाटली की वर बघवेना.

"केव्हापासून गळतंय?"

"परवापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"चाललंय की."

"मी काढून परत बसवते. माझंच चुकलं कुठेतरी."

"चुकलं नाही गं," तो म्हणाला. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मी तेरा बेचाळीस लिहून दिलं होतं. तू तेरा आणलंस. हातात घेतलं तेव्हाच कळलं."

ती घमेल्याकडे पाहत राहिली. चोरी पकडली गेल्यावर माणसाला काय वाटतं हे तिला माहीत होतं, लहानपणी एकदा आईच्या पिशवीतली रिबीन घेताना कळलं होतं. पण हे तसं नव्हतं. आपण अंधारात चाचपडतोय आणि दुसरा शेजारी उभा राहून सगळा वेळ बघतोय, असं काहीतरी. "मग तेव्हाच का बोलला नाहीत?" तिने विचारलं.

"म्हटलं, तुला करून बघायचंय तर बघू दे."

पाऊस छतावर पडत होता, डोक्यापासून हातभर अंतरावर. गुडघ्याला गुडघे लागत होते, जागाच तेवढी होती. ती म्हणाली, "अहो, आत चला." हे वाक्य तिने दोन वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि आता उच्चारल्यावर ते किती लहान आहे हे तिला कळलं. त्याने टेबलावरची पेन्सिल सरळ केली. ती म्हणाली, "खोली तयार आहे. खण रिकामे केलेत. वास तर केव्हाच गेला."

"वास पहिल्याच आठवड्यात गेला होता," तो म्हणाला.

"मग माझ्यावर राग आहे का? असेल तर सांगा. काय चुकलं ते तरी सांगा."

त्याने चष्मा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. तो विचार करत होता, टाळत नव्हता. हे तिला सगळ्यांत भयंकर वाटलं, की तो खरोखर तिला बरोबर उत्तर देता यावं म्हणून शोधत होता. "राग असता तर सोपं होतं," तो म्हणाला. "राग उतरतो, माणूस परत येतो. तसं काही नाही. मला इथे बरं वाटतं, एवढंच. तुझा काही संबंध नाही त्यात. तू कशीही असतीस तरी मला इथे बरंच वाटलं असतं."

दोन वर्षं तिने आपली एकेक चूक उकरून काढली होती. पिवळा रंग, तिची बडबड, तिच्या अंगाला कायम येणारा रबराचा वास, मुलीच्या लग्नात त्याच्या बहिणीला बोललेली ती दोन वाक्यं. कुठेतरी घोडं पेंड खातंय आणि ती जागा एकदा सापडली की सुधारता येईल, या आशेवर तिने दिवस ढकलले होते. त्या चुकांत निदान ती तरी होती. आता त्याही गेल्या. तळ्याकाठच्या त्या दोन दिवसांबद्दल विचारावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं, आणि तिने विचारलं नाही, कारण त्याचंही त्याने खरंच उत्तर दिलं असतं. "घमेलं भरत आलंय," ती म्हणाली. "थांब, मी ओततो," तो म्हणाला, आणि वाकून दार उघडून त्याने ते बाहेर रिकामं केलं. मग तिला प्लास्टिकचा कागद नीट धरून दिला आणि म्हणाला, "जपून जा, फरशी निसरडी झालीय." ती घरी आली. मागच्या दाराची कडी तिने लावली नाही आणि मग बऱ्याच वेळाने लावली.

पाऊस थांबल्यावर सोमवारी ती स्टोअरमध्ये गेली आणि चौदा मीटर मागितलं. स्टोअरकीपर म्हणाला, "सांगत होतो मी," आणि ती म्हणाली, "हो, तुम्ही सांगत होता." रविवारी तिने तेरा मीटरची ती पट्टी एका झटक्यात उपटून काढली. नवी बसवताना तिने घाई केली नाही. दर हातभर अंतराला ती रबर थोडं मागे सारायची, खोबणीत कोंबायची, अंगठ्याने दाबायची. कोपऱ्यांत तर जरा जास्तच सैल घातलं, थंडीत आखडलं तरी पुरावं म्हणून. सांधा मागच्या बाजूला, मधोमध घेतला. तिरका कापून, दोन्ही तोंडं घासून, रसायन लावून पाच मिनिटं घड्याळ लावून धरून ठेवला. तो पुरवायला उभा होता. या वेळी त्याच्या हातात ताण आला नाही आणि तिच्याही नाही, रबर नुसतं एका हातातून दुसऱ्या हातात येत राहिलं. वीस-पंचवीस वर्षं तरी हे आता हलणार नाही, हे तिला दाबतानाच कळत होतं. त्यांचं दोघांचं वय धरलं तर तेवढी पुष्कळ झाली.

दुपारी रसायन वाळल्यावर त्याने छत खाली घेतलं, आतून कड्या लावल्या. तिने बागेतल्या नळाला पाइप जोडला आणि पाणी सोडलं. आधी छताच्या मधोमध, मग कडेने, मग चारही कोपऱ्यांवर, पाइपच्या तोंडावर अंगठा धरून जोरात, पाऊस कधी मारणार नाही इतक्या जोरात. पाणी पत्र्यावरून तिच्याच अंगावर उडत होतं, साडी गुडघ्यापर्यंत चिंब झाली.

"गळतंय का?" तिने विचारलं.

"नाही," आतून आवाज आला.

"कोपऱ्यात बघा. उशीच्या वर."

"बघितलं. कोरडं आहे."

"हात लावून बघा."

"लावला. थेंबही नाही." मग जरा वेळाने, पत्र्यामुळे लांबून आल्यासारखा, पण अगदी मनापासून तो म्हणाला, "छान केलंस. कर आता बंद."

तिने आणखी एकदा सगळ्या बाजूंनी पाणी मारलं. मग नळ बंद केला.